तुम्ही विचारलंत म्हणून: हातात मोबाईल असताना ट्रान्झिस्टर कशाला?

दुरुस्तीला सेट घेऊन येणारा माणूस हा प्रश्न विचारतोच. मोबाईलवर सगळं ऐकता येतं, मग दोन सेलच्या या डब्यावर खर्च का करायचा? उत्तर आपल्या किनारपट्टीपुरतं देतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले आणि दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांना दिवसेंदिवस वीज नव्हती. मोबाईलला जवळचा टॉवर चालू लागतो. ट्रान्झिस्टरला लांबचं एक केंद्र पुरतं. शिवाय मध्यम लहरी (सेटवरचं MW) जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून जास्त दूर जातात, त्यामुळे रत्नागिरी आकाशवाणीचं ११४३ किलोहर्ट्झ होडीवरही लागतं. एफएमच्या वाटेत डोंगर आला की आवाज गेलाच.

‘स्टेशन नीट लागत नाही’ म्हणून लोक एरियल ओढत बसतात. ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हची. मध्यम लहरींची एरियल सेटच्या आत असते: बारीक तांब्याची तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी, बहुतेक सेटांत लांबीच्या बाजूने आडवी बसवलेली. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पार बसतो. मालवणहून रत्नागिरी उत्तरेला, म्हणून तिथे सेटची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. मग हळूहळू फिरवत बघा. वीतभर फिरवल्यानेही फरक कळतो.

आपल्याकडे सेट बिघडतो तो मुख्यतः खाऱ्या हवेने आणि आत विसरलेल्या सेलने. साध्या सेलचं जस्ताचं कवचच वापरात झिजत जातं, भोक पडतं आणि आतला द्रव स्प्रिंगवर उतरतो. वर हिरवा कळंक चढतो. अशा सेटची खूण ओळखून ठेवा: नवे सेल घातलेत, हळू आवाजात बातम्या स्वच्छ ऐकू येतात, पण आवाज वाढवला की फडफड सुरू. गंजलेल्या स्प्रिंगमधून जास्तीचा करंट येत नाही, एवढंच. बारीक पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळल्यावर सेल घाला. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर बदलाच.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर खोबरेल तेल मात्र घालू नका. त्यावर धूळ चिकटून पॉट (बटणामागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) कायमचा जातो. सेट बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा आणि बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं.

बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हाताने निघतो, म्हणून हे यंत्र मला मोलाचं वाटतं.

मृगाआधी एकदा लावून बघा, मग सेल काढून सेटच्याच पिशवीत वेगळे ठेवा. एरवी घरातले एलईडी दिवे आणि चार्जर मध्यम लहरींवर घरघर करतात. गावची वीज गेली की तीही थांबते, आणि केंद्र सर्वात स्वच्छ ऐकू येतं ते नेमकं तेव्हा.