नेड-८ च्या टोकाचे दोन ग्लायसीन

मानवी नेड-८ हे रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेले) प्रथिन विकत घ्या किंवा स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार करा, शुद्धतेची टक्केवारी वाचण्याआधी त्याचे शेवटचे टोक पाहावे, असे मी येथे वडोदऱ्यात माझ्याकडे संशोधनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते. दांडिया बाजारातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने अलीकडेच विचारले, “मॅडम, ८१ अमिनो आम्लांचं घ्यायचं का ७६चं? दोन्हींवर मानवी नेड-८ असंच लिहिलंय.” प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

नेड-८ हे युबिक्विटिन या, इतर प्रथिनांना खुणेसारख्या जोडल्या जाणाऱ्या, छोट्या प्रथिनाच्या कुळातील सर्वांत जवळचे भावंड आहे. युबिक्विटिनमुळे पेशी नको असलेली प्रथिने कशी मोडते, या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नेड-८ चे जनुक १९९२ मध्ये उंदराच्या मेंदूतील पूर्वज पेशींचा अभ्यास करताना पुढे आले. दोघांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात सुमारे ६० टक्के साम्य आहे आणि घडीही जवळजवळ तीच आहे, परंतु काम वेगळे आहे. नेड-८ मुख्यतः कलिन नावाच्या प्रथिनांना जोडले जाते आणि त्यामुळे कलिनवर उभी असलेली युबिक्विटिन-लायगेज यंत्रणा, म्हणजे इतर प्रथिनांना युबिक्विटिन जोडणारी यंत्रणा, कार्यक्षम होते.

पेशीत नेड-८ प्रथम ८१ अमिनो आम्लांचे तयार होते. त्याच्या शेवटची पाच आम्ले यूसीएचएल-३ किंवा नेडपी-१ यांसारखी प्रोटिएज (प्रथिने कापणारी विकरे, म्हणजे एन्झाइम) कापून टाकतात, आणि मगच ७५ व ७६ या स्थानांवरील दोन ग्लायसीन उघडी पडतात. यांपैकी शेवटच्या ग्लायसीनचा कार्बॉक्सिल गट एटीपीच्या साहाय्याने सक्रिय केला जातो, तो आधी ई-१ (सक्रिय करणाऱ्या) विकराच्या आणि मग यूबीसी-१२ या ई-२ (पुढे वाहून नेणाऱ्या) विकराच्या सिस्टीनवर थायोएस्टर बंधाने (गंधकामार्फत) बसतो आणि अखेर कलिनच्या लायसीनला जोडला जातो. म्हणून प्रोटिएज नसलेल्या नळीत ८१ चे रूप घातले, तर अभिक्रिया होतच नाही, आणि संशोधक मात्र ई-१ खराब झाले असावे असे समजून नवे विकर मागवत बसतो. प्रोटिएजचाच अभ्यास करायचा असेल, तर अर्थातच ८१ चे रूप हवे. हाच न्याय टॅगलाही लागू होतो: हिस्टिडीन टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडीनची छोटी साखळी) सुरुवातीच्या टोकाला असावा, कारण शेवटी लावलेला टॅग त्या दोन ग्लायसीनांची वाट बंद करतो.

हे प्रथिन इ. कोलायमध्ये बनवण्याचा एक मोठा लाभ असा की त्या जिवाणूत युबिक्विटिन किंवा नेड-८ मुळातच नसते. त्यामुळे जिवाणूच्या स्वतःच्या युबिक्विटिनची भेसळ होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मापनाबाबत मात्र मी फार काटेकोर आहे. परिपक्व नेड-८ मध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही आणि टायरोसीन केवळ दोन आहेत, त्यामुळे २८० नॅनोमीटरवर ते फार क्षीण शोषण दाखवते. उपकरणात ‘१ शोषण म्हणजे १ मिलिग्रॅम’ हे सर्वसाधारण गृहीतक तसेच ठेवले, तर प्रमाण प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी दिसते. थोडे न्यूक्लिक आम्ल मिसळलेले असेल, तर उलट फसवणूक होते. क्रमावरून काढलेला शोषण गुणांक वापरावा आणि बीसीएने (रंगावरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीने) पडताळून पाहावे.

प्रमाण नेमके कळणे येथे महत्त्वाचे आहे, कारण नेड-८ अतिरिक्त झाले की युबिक्विटिनचे ई-१ सुद्धा त्याला सक्रिय करू शकते. एरवी ७२ वे स्थान ही गल्लत रोखते. तेथे युबिक्विटिनमध्ये आर्जिनीन आहे, तर नेड-८ मध्ये अॅलनीन. पेशींत नेड-८ अति प्रमाणात व्यक्त करून मिळालेल्या निष्कर्षांकडे मी म्हणूनच सावधपणे पाहते, आणि शुद्ध केलेले घटक मोजून घातलेली नळी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

नेड-८ मध्ये सिस्टीन नाही, त्यामुळे डीटीटीची (सिस्टीनचे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या, पण थायोएस्टर बंधही तोडणाऱ्या रसायनाची) गरज त्याला नसून विकरांना असते. थायोएस्टर पाहायचा असेल, तर नमुना डीटीटीविना जेलवर चढवावा, आणि शेजारच्याच रांगेत तोच नमुना डीटीटीसह ठेवावा. पहिल्या रांगेतील वरचा पट्टा दुसरीत नाहीसा झाला, तरच तो थायोएस्टर होय.

आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पार्सल उघडताच कोरडा बर्फ शिल्लक आहे का ते पाहून, एकेका प्रयोगाला पुरेल एवढे भाग करून लगेच उणे ८० वर ठेवावे आणि पुन्हा पुन्हा वितळवू नये. त्या विद्यार्थिनीने अखेर ७६ चे रूप निवडले. तिच्या पहिल्या फेरीत एक नळी एटीपीविना असेल, एकीत शेवटचे दोन्ही ग्लायसीन काढलेले नेड-८ असेल, आणि एकीत पेव्होनेडिस्टॅट हे अवरोधक रसायन, जे ई-१ वर नेड-८ शीच जोडले जाऊन त्याला अडवते. या तिन्ही नळ्यांत कलिनचा, नेड-८ जोडल्याने जेलवर वर सरकणारा, पट्टा दिसता कामा नये.