तेवीस जागांचं राज्य: निवडणुकीच्या खेळाचा हिशेब

काल्पनिक राज्य, काल्पनिक पक्ष, खरे खेळाडू. अशी विधानसभा निवडणूक नांदेड-लातूरच्या होस्टेलवर लढवा की परभणीच्या अभ्यासिकेत, ती बहुतेक वेळा एकाच जागी फसते. मतदान व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर घेतलं जातं, मग ज्याचे गाववाले ग्रुपवर जास्त तोच मुख्यमंत्री. जाहीरनामा कुणी उघडतसुद्धा नाही. दुसऱ्या निवडणुकीपर्यंत हे सगळ्यांच्या लक्षात येतं आणि तिसरी होतच नाही.

त्यामुळे मतदार कागदावरचे हवेत. उमेदवार, बंडखोर, प्रतोद (पक्षादेश बजावणारा), राज्यपाल ही माणसं खरी असू द्या. मतं मात्र तक्त्यातून निघाली पाहिजेत.

जागा किती ठेवायच्या? मराठवाड्यात विधानसभेच्या ४६ जागा आहेत. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला ९-९, बीड आणि लातूरला ६-६, जालन्याला ५, परभणी आणि धाराशिवला ४-४, हिंगोलीला ३. तीस-पस्तीस खेळाडूंना एवढ्या जागा पेलत नाहीत. निम्म्या, म्हणजे २३ पुरतात. आकडा विषम असला की बहुमताची रेषा स्वच्छ पडते: १२. (संविधानाच्या १७० व्या कलमाप्रमाणे विधानसभेत किमान ६० सदस्य लागतात. गोवा आणि सिक्कीमला त्यातून सवलत आहे, आपल्या कागदी राज्यानेही ती घेतली असं समजायचं.) ज्या जागेवर पक्षाकडे खेळाडू नाही तिथे कागदी उमेदवार उभा राहतो. तो निवडून आला तर सभागृहात डोळे झाकून पक्षादेश पाळतो.

आता मतदारसंघ. प्रत्येकात वैध मतं १०००, म्हणजे टक्केवारी काढायला सोपं. ही हजार मतं व्यवसायाप्रमाणे वाटून द्या. एका कोरडवाहू मतदारसंघाचा तक्ता असा दिसेल: कोरडवाहू शेतकरी ४२०, मजूर आणि ऊसतोड कामगार २००, नोकरदार-व्यापारी १५०, बागायतदार १३०, विद्यार्थी १००. नदीकाठच्या मतदारसंघात बागायतदार वाढवा, शहरात नोकरदार. जातीप्रमाणे वाटणी करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण खऱ्या निवडणुकीची चर्चा आपल्याकडे तशीच चालते. तो मोह टाळावा. तक्त्यात जात आली की संध्याकाळपर्यंत भांडण कागदावरून खऱ्या माणसांवर उतरतं, मग तो खेळ राहत नाही.

प्रत्येक गटात प्रत्येक उमेदवाराला गुण मिळतात. जाहीरनाम्याचे ० ते ६, उमेदवाराचे स्वतःचे ० ते ३ (कागदी उमेदवाराला शून्य) आणि वर प्रचाराचे. गुणांचा वर्ग करायचा आणि त्या प्रमाणात गटाची मतं वाटायची. समजा कोरडवाहू गटात तिफण पक्षाला ९ गुण आहेत, रहाट पक्षाला ७ आणि उतरंड पक्षाला ४. वर्ग ८१, ४९, १६; बेरीज १४६. मग ४२० मतांपैकी तिफणला २३३, रहाटला १४१ आणि उतरंडला ४६. वर्ग न करता सरळ गुणांच्या प्रमाणात वाटलं तर हेच आकडे १८९, १४७, ८४ असे येतात. सगळे उमेदवार एकमेकांच्या जवळ, लाट म्हणून कधी येतच नाही आणि डिपॉझिट कुणाचं जात नाही. घनापर्यंत जाऊ नका. तिथे तिसरा पक्ष पहिल्याच निवडणुकीत संपतो.

जाहीरनाम्याला किंमत लावली नाही तर तिन्ही पक्ष कर्जमाफी, फुकट वीज आणि घरटी नोकरी देऊन मोकळे होतात आणि सगळ्यांना ६ पैकी ६ मिळतात. म्हणून राज्याचं बजेट १०० एकक धरा आणि आश्वासनांचा दरपत्रक-तक्ता आधीच लावा. कर्जमाफी ४०, सोयाबीनला भावांतर (हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक) २५, धरणाचं पाणी कालव्याच्या टेलच्या गावापर्यंत ३०, वसतिगृहं १०, अशा धर्तीवर. शंभराच्या वर गेलेला जाहीरनामा छाननीत बाद. कोणत्या आश्वासनाने कोणत्या गटाचे किती गुण, हेही त्याच तक्त्यात हवं. पाण्याच्या आश्वासनात एक खोच ठेवली तर रंगत येते: खालच्या मतदारसंघांत २ गुण मिळतील, वरच्या धरणांच्या मतदारसंघांत १ कापला जाईल. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरून पाणी सोडण्यावरून काय होतं, हे इथल्या खेळाडूंना वेगळं सांगावं लागत नाही.

प्रचारासाठी प्रत्येक पक्षाला १०० पॉइंट. एका जागेवर जितके पॉइंट टाकाल त्यांच्या वर्गमुळाइतके गुण मिळतात: १ ला १, ४ ला २, ९ ला ३, १६ ला ४. या एका नियमावर अख्खी व्यूहरचना फिरते. सगळ्या २३ जागांवर ४-४ टाकले तर ९२ पॉइंट जातात आणि सर्वत्र २ गुण मिळतात. ९-९ टाकायचे म्हटलं तर ११ जागांनाच पुरतात. म्हणजे ३ गुणांची ताकद बहुमताला एक जागा कमी असताना संपते. बारावी जागा कुठून आणायची यावर पक्षाच्या बैठकीत रात्र जाते, आणि जावीच.

नशीब लागतंच, पण मापात. प्रत्येक उमेदवारासाठी दोन फासे टाका, बेरजेतून ७ वजा करा आणि उरेल तितके टक्के त्याच्या एकूण मतांत वाढवा किंवा कमी करा. दोन फाशांची बेरीज ७ येण्याची शक्यता ३६ पैकी ६ असते. २ किंवा १२ येण्याची प्रत्येकी फक्त १. त्यामुळे बहुतेक निकाल जागेवर राहतात, अटीतटीचे तेवढे हलतात. एकच फासा वापरला तर सगळे आकडे सारख्याच शक्यतेने येतात आणि चांगली बांधलेली सीटही उगाच पडते. फासे व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांसमोर टाका.

खेळ चालवणाऱ्या संचालकावर पक्षपाताचा आरोप होणार हे गृहीत धरा. उमेदवाराचे गुण दोघांनी एकमेकांना न दाखवता द्यायचे. फरक १ पेक्षा जास्त आला तर तिसऱ्याला विचारायचं. मग गुणांची फाइल पासवर्ड लावून मतदानाच्या आदल्या रात्री ग्रुपवर टाकून द्यायची. पासवर्ड मोजणी संपल्यावर. फाइल सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच पडलेली असते, त्यामुळे नंतर आकडा बदलला असं म्हणायला जागा उरत नाही.

हिशेबाच्या स्प्रेडशीटमधली एक गडबड सांगून ठेवतो. देवनागरी आकडे टाइप केले तर शीट अनेकदा त्यांना मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते. शीटमध्ये इंग्रजी आकडे ठेवा, निकालपत्रकात हवे तर मराठी. शिवाय शीट दाखवते ४४४ आणि आत असतात ४४४.४४. बरोबरीच्या वेळी यावरून वाद होतो. मतं पूर्णांकात आणणारं सूत्र त्याच रकान्यात लावून टाका.

वेळापत्रक बारा दिवसांत बसतं: अर्जाला दोन दिवस, छाननीला एक, माघारीला एक, प्रचाराला सहा, शांततेचा एक आणि मोजणीचा एक. खऱ्या निवडणुकीत अधिसूचनेनंतर अर्जाला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार आणि पुढे मतदानापर्यंत किमान चौदा दिवस असतात. तेवढं ताणलं तर खेळाडू गळतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत खेळ लावूच नये. अर्धे उमेदवार शेतात असतात. आणि मुदत रात्री बाराची ठेवू नका. लाइट गेली होती, रेंज नव्हती, या तक्रारी त्याच वेळी येतात. दुपारी तीन हीच वेळ बरी. खरा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, तोसुद्धा अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचवावा लागतो.

एबी फॉर्म खेळात जरूर घ्या. त्याच्याशिवाय बंडखोर जन्माला येत नाही, आणि बंडखोराशिवाय निवडणूक अळणी. नियम सोपा ठेवता येतो: बंडखोराला स्वतःचे उमेदवारीचे गुण मिळतात, शिवाय अधिकृत उमेदवाराच्या खात्यातून कापलेला एक गुण. हिशेब सोपा व्हावा म्हणून अख्खा मतदारसंघ एकच गट धरू. तिफण ९, रहाट ८. वर्ग ८१ आणि ६४. निकाल ५५९ विरुद्ध ४४१, तिफणची सीट आरामात. आता तिफणचा ३ गुणांचा नाराज उमेदवार अपक्ष उभा राहिला. त्याचे झाले ४, तिफणचे उरले ८. वर्ग ६४, ६४, १६. निकाल ४४४, ४४४ आणि १११. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, म्हणजे इथे १६७. बंडखोराचं डिपॉझिट गेलं, पण ११८ मतांची आघाडी सोबत घेऊन गेला. सीट आता फाशांवर. फाशांनंतरही बरोबरी राहिली तर चिठ्ठी टाकायची. खऱ्या कायद्यातही तेच आहे. माघारीच्या दिवशी मनधरणी का चालते, हे या चार आकड्यांत खेळाडूंना कळतं.

प्रचारात वर्तमानपत्रांची खोटी कात्रणं बनवायला सगळ्यांना आवडतं. प्रत्येक कात्रणावर आडवं, मोठं ‘खेळ’ असं लिहिलेलं हवं. खऱ्या पक्षांची, नेत्यांची नावं आणि चिन्हं बंद. कात्रण ग्रुपबाहेर गेलं की गावातल्या ग्रुपवर ते खरी बातमी म्हणून फिरतं. खरी आचारसंहिता लागू असेल तेव्हा खेळ थांबवलेलाच बरा.

निकाल लागला: तिफण १०, रहाट ८, उतरंड ३, अपक्ष २. इथून पुढचे नियम निकालाआधी लिहून ठेवले नसतील तर खेळ इथेच मोडतो, कारण आता प्रत्येक नियमाचा कुणाला तरी फायदा असतो. राज्यपाल पक्षाबाहेरचा खेळाडू हवा आणि त्याने कुणाला आधी बोलवायचं याचा क्रम ठरलेला हवा. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाचा क्रम उचलला तरी चालतो: निवडणूकपूर्व युती, मग इतरांचा पाठिंबा घेऊन येणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी. बहुमत राजभवनावरच्या यादीने सिद्ध होत नाही, सभागृहात होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर हा वाद उरलेला नाही. गणपूर्तीसाठी (सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी) १० सदस्य किंवा एक दशांश, यांपैकी जास्त ते, म्हणजे इथे १०.

तिफणने दोन्ही अपक्ष घेतले की १२ होतात. पेढे वाटले जातात आणि अध्यक्षही आपलाच बसवला जातो. अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाही, म्हणजे ११ विरुद्ध ११. अध्यक्षाच्या निर्णायक मतावर सरकार तरतं, पण रोज तसंच तरावं लागतं. हुशार पक्ष अध्यक्षपद उतरंडला देऊ करतो.

मंत्रिमंडळाला संविधानाची १५ टक्क्यांची मर्यादा लावली (महाराष्ट्रात तिच्यामुळेच कमाल ४३ मंत्री होतात) तर २३ जणांत तीनच मंत्री. पण तिथेच किमान १२ मंत्र्यांचीही तरतूद आहे, म्हणजे अख्खा सत्ताधारी बाक मंत्री! खेळापुरते चार ठरवा आणि पुढे चला.

पक्षांतरबंदी मात्र नीट वाचून घ्या. एक तृतीयांश आमदार फुटले तर मिळणारी सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली; आता वाचवतं ते दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. दहाच्या पक्षात त्याला ७ लागतात, आठच्या पक्षात ६, तीनच्या पक्षात फक्त २. लहान पक्ष म्हणूनच आधी गळाला लागतो. दहातले चार आमदार कागदी असतील तर ७ होऊच शकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. अपक्षाने बाहेरून पाठिंबा द्यावा. निवडून आल्यावर पक्षात गेला तर अपात्र ठरतो. प्रतोद कुणी नेमायचा? २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने नव्हे. म्हणून पक्षाध्यक्षाचं नाव अर्जासोबतच नोंदवून घ्या. पक्षादेश ईमेलवर काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ होतो. मग पक्षादेश निघाला होता की नव्हता यावर दोन दिवस सुनावणी.

हरलेले खेळाडू ग्रुप सोडतात, ही नेहमीची गळती. त्यांच्यासाठी विधान परिषद ठेवा. आमदारांनी ५ सदस्य पसंतीक्रमाने निवडायचे. प्रत्येक मताचं मूल्य १००, एकूण २३००. त्याला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे ६ ने भागायचं, अपूर्णांक सोडून १ मिळवायचा. कोटा ३८४. पहिल्या पसंतीची चार मतं पडली की माणूस निवडून येतो. तिफणचे १० आमदार दोन जागा काढतात आणि दोन मतं शिल्लक राहतात. रहाटचे ८ बरोबर दोन काढतात, एकही मत वाया न घालवता. उतरंडचे तीन आणि दोन अपक्ष एकत्र राहिले तर ५०० होतात आणि पाचवी जागा त्यांची. एक फुटला तरी ४०० उरतात. दोन्ही अपक्ष तिफणकडे वळले की ३०० उरतात, तिफणच्या तिसऱ्या उमेदवाराकडे दोन जागांचा कोटा वजा जाता ४३२ येतात, आणि उतरंडचा माणूस पडतो.