सोयाबीनच्या गाठी आणि युरियाची गोणी: माझा तीन खरिपांचा अनुभव

हिंगोली जिल्ह्यात आमची साडेचार एकर काळी जमीन आहे, खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असलं तर मग हरभरा. बियाण्याला औषध लावायचं काम आमच्याकडं मी आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई करतो. २०२२ च्या खरिपात मी पहिल्यांदा रायझोबियमचं (मुळावर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूचं) पाकीट लावलं आणि ते वाया गेलं, आणि का वाया गेलं हे कळायला अजून एक वर्ष गेलं. आमच्या बचत गटातल्या बायका आजही तीच चूक करतात म्हणून सगळं लिहायचं ठरवलं.

त्या वर्षी काय केलं ते सांगते. दुकानातून पाकिटं आणली, तारीख बघितली नाही. ती पंधरा दिवस पत्र्याच्या शेडमधे खिडकीत होती, मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहितीच आहे. पेरणीच्या सकाळी घमेल्यात बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम तिन्ही एकदमच ओतलं, बियाण्याला चोळलं आणि लवकर वाळावं म्हणून ताडपत्रीवर उन्हात पसरून दिलं. महिन्याभरानं शेतात जाऊन पाचसहा झाडं हातानं उपटून बघितली, मुळावर तुरळक गाठी, कुठं दोन कुठं तीन. मामा (सासरे) म्हणले, "बघ, काही नसतंय त्या पाकिटात, माती असते नुसती." मला पण तसंच वाटलं.

पाकिटातली काळी पावडर दिसायला मातीसारखीच असते पण तिच्यात जिवंत जिवाणू असतात ही गोष्ट मला डोक्यानं माहिती होती, हाताला माहिती नव्हती. मला ती समजली विरजणावरून. आपण उकळत्या दुधात विरजण घालतो का, किंवा विरजणाची वाटी दिवसभर उन्हात ठेवतो का, नाही ना. मग इथं मी तर उन्हात ठेवून वर बुरशीनाशकात कालवलं होतं.

२०२३ ला १८ मेच्या खरीप मेळाव्याला आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठात गेलो, तिथून द्रवरूप रायझोबियमची बाटली आणली, १० किलो बियाण्याला १०० मिली. (पावडर असली तर १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट, आणि गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करून त्यात कालवायची म्हणजे बियाण्याला चिकटते.) बाटली घरात माठाजवळ सावलीत ठेवली. ह्यावेळी आधी बुरशीनाशक लावलं, मग कीटकनाशक, ते वाळू दिलं, आणि पेरणीच्या दिवशी सगळ्यात शेवटी रायझोबियम, ते पण हलक्या हातानं कारण सोयाबीनचं टरफल लई नाजूक असतं, जोरात चोळलं की निघतं आणि उगवण जाते. गोणपाटावर सावलीत वाळवलं आणि दोन तासात पेरायला दिलं. एका कडेचे सहा तास (म्हणजे पेरणीच्या ओळी) मात्र मुद्दाम रायझोबियम न लावता पेरले, त्याला खूण म्हणून काठ्या रोवल्या.

आता गाठी कशा बघायच्या. मागच्या वर्षीची दुसरी चूक इथं सापडली. झाड हातानं उपटलं की बारीक मुळ्या तुटतात आणि गाठी मातीतच राहतात, म्हणजे मी जे दोन-तीन मोजले ते खरं मोजणंच नव्हतं. ह्यावेळी कुदळीनं भोवतीची ढेकळासकट माती काढली, अर्धा तास बादलीत भिजवली आणि मग हळूहळू धुतली. गाठी साधारण तीन आठवड्यात दिसायला लागतात आणि फुलोऱ्यात म्हणजे ३५ ते ४५ दिवसांत त्यांचा खरा जोर असतो. गाठ नुसती मोजू नका, नखानं फोडून बघा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती कामाला लागलेली आहे, पांढरी असली तर अजून कोवळी किंवा निकामी, आणि हिरवट-तपकिरी म्हणजे तिचं काम संपलं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्याच एका द्रव्याचा असतो. हवेतला नत्र धरणारं जे एन्झाइम जिवाणूकडं आहे ते ऑक्सिजननं खराब होतं, पण जिवाणूला श्वासाला तर ऑक्सिजन लागतोच, म्हणून हे लाल द्रव्य तो मोजून मोजून पुरवतं. माझ्या मुलीला फोडलेली गाठ दाखवली तर ती म्हणली आई झाडाला पण रक्त असतं का. मला त्या दिवशी फार भारी वाटलं.

एकरभर जमिनीच्या वर हवेत तीस हजार टनाच्या आसपास नत्र आहे आणि झाडाला त्यातला कणभर पण स्वतः घेता येत नाही. कारखान्यात तोच नत्र फोडायला चारशे-साडेचारशे अंश तापमान आणि दीडदोनशे पट हवेचा दाब लागतो तेव्हा युरिया बनतो. आणि ही ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ तेच काम मातीच्या तापमानाला करते, बदल्यात झाडाकडून साखर घेते.

आणि ह्याच साखरेमुळं युरियाची भानगड होते. बाविसाव्या दिवशी पीक पिवळं पडलं, मामा युरियाची गोणी घेऊन बांधावर हजर. "अगं युरिया टाकल्याशिवाय पिवळं पीक हिरवं होतंय का?" मी म्हणलं मामा, थोड्या तासांना टाका, बाकी माझ्यासाठी सोडा. ते ऐकले, हे मी विसरणार नाही. मग नीट बघितलं तर पिवळी झालेली पानं शेंड्याची होती आणि शिरा हिरव्या होत्या. नत्र कमी असला तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. आमच्या चुनखडीच्या जमिनीत पाऊस लागून राहिला की असं लोह कमी पडून होतं, त्याला सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी केली आणि दहाएक दिवसात फरक पडला. युरिया टाकलेले तास आधी हिरवे झाले हे खरं, पण पुढं कुदळीनं खणून बघितलं तर तिथं गाठी कमी आणि बारीक होत्या. झाडाला आयता नत्र मिळाला की ते गाठीला साखर कशाला देईल! पेरणीबरोबर डीएपी खतातून जो थोडा नत्र जातो तो सुरुवातीला लागतोच, माझं म्हणणं वरून टाकायच्या गोणीबद्दल आहे. काट्यावर वजन केलं तेव्हा युरियाचे तास आणि बिनयुरियाचे तास जवळपास सारखेच निघाले.

आणि ते काठ्या रोवलेले सहा तास? त्यांना पण गाठी होत्या, थोड्या कमी. आधी वाईट वाटलं, मग उमगलं की आमच्या ह्या रानात वीस-पंचवीस वर्षं सोयाबीनच आहे, त्याचा जिवाणू मातीत टिकून आहे. पण नाल्याकडचा तुकडा जिथं कायम कापूस होता तिथं २०२४ ला पहिल्यांदा सोयाबीन घेतलं, तिथं लावलेलं आणि न लावलेलं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक होता, न लावलेल्या झाडांना एक एक मूळ धुऊन बघितलं तरी गाठ सापडेना. तेव्हा नवीन रान असेल तर रायझोबियम अजिबात चुकवू नका. त्याच तुकड्यात पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात मात्र लावूनही गाठी धरल्या नाहीत, मुळाला हवाच नव्हती.

अजून एक, मुळाला फुगवटा दिसला म्हणजे गाठच असं नाही. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं सहज निघते. सूत्रकृमीचा (मातीतल्या बारीक किड्याचा) फुगवटा म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते निघत नाही. बांधावरचा तरोटा पण खणून बघितला, शेंगा येतात म्हणून वाटलं असतील, पण त्याला एक पण गाठ नव्हती.

सोयाबीन घेतलं की रानात भरपूर नत्र राहतो असं सगळे म्हणतात ते मला पटत नाही. सोयाबीनमधे चाळीस टक्क्याच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे १० क्विंटल मालात ६० किलोच्या वर नत्र, युरियाच्या तीन गोण्यांएवढा, आणि तो ट्रॉलीत बसून मोंढ्यावर जातो. मागं राहतो तो पालापाचोळ्यात आणि मुळात. वर आपण गुळी (मळणीनंतर उरणारा भुसा) पण पेटवतो किंवा विकतो. आम्ही मागच्या वर्षीपासून गुळी उकिरड्यात घालतो आणि खत करून रानात परत नेतो.

आता हरभऱ्याची तयारी चालू आहे. त्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनची उरलेली बाटली त्याला चालत नाही, म्हणून नवीन आणायला सांगितलं तर ह्या खेपेला मामाच गेले आणि बाटलीवरची तारीख स्वतः वाचून घेऊन आले. वाफसा आला की पेरणी.