रिबेका नर्सचं घर सेलममध्ये नाही

जावयांच्या आजींकडे वंशावळीची एक जुनी वही आहे. तिच्यात सगळ्यांत वरचं नाव रिबेका नर्स. अमेरिकेतल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांत 19 जुलै 1692 रोजी फाशी गेलेली, वय 71. या खेपेला बॉस्टनला लेकीकडे होते, तेव्हा आजींनी मलाही सोबत घेतलं.

पहिली चूक झाली ती तिचं घर सेलममध्ये शोधण्याची. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून लोकलने अर्ध्या तासात सेलम येतं, पण तेव्हाचं ‘सेलम व्हिलेज’ म्हणजे आजचं डॅनव्हर्स. तिथे लोकल जात नाही; सेलमहून टॅक्सी करा. सेलममधलं 1992 चं स्मारक मात्र चुकवू नका. भिंतीतून पुढे आलेली वीस दगडी बाकं, प्रत्येकावर एक नाव. ऑक्टोबर टाळा, तेव्हा हॅलोविन असतो. चेटकिणीच्या टोप्या घातलेल्या गर्दीत आजींचा चेहरा उतरलेला मला बघवला नाही.

कागद शोधताना माहेरचं आडनाव आधी गाठा. रिबेका मूळची टाऊन, इंग्लंडच्या ग्रेट यारमथची. तिच्याबरोबर आरोप झालेल्या मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस तिच्या सख्ख्या बहिणी, पण सासरच्या आडनावांवरून हे कुणाला कळणार? (आपल्याकडे ताटातल्या तांदळात पहिलं नावही बदलतात, तेव्हा आपण हसायला नको.) ‘नर्स’ची ‘नूर्स’ अशीही नोंद मिळते. अटकेच्या कागदावर 1691 दिसलं तर दचकू नका. तेव्हा वर्ष 25 मार्चला बदलायचं आणि हा कागद त्याआधीचा. खटल्याच्या कागदांची लिप्यंतरं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बॉस्टनच्या न्यूबरी स्ट्रीटवर वंशावळींचा अभ्यास करणारी, 1845 पासूनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी आहे. मधल्या पिढ्यांसाठी तिथे 1850 पर्यंतच्या गावोगावच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या छापील नोंदी पाहा.

तिच्या घराच्या अंगणात मी आजींना खटल्याची हकीकत वाचून दाखवली. पंचांनी आधी निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला. मग पंचांनी दुसऱ्या एका कैदी बाईबद्दल तिला काहीतरी विचारलं. तिला कमी ऐकू यायचं, ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ गुन्हा असा लावला गेला. इथवर आले तर आजी कानाला हात लावून म्हणाल्या, “मोठ्याने वाच गं.” शेवटची दोन वाक्यं मी पुन्हा वाचली.

आवारातलं प्रार्थनागृह जुनं समजू नका, ते 1985 च्या एका टीव्ही मालिकेसाठी बांधलेली प्रतिकृती आहे. शेतापलीकडे घराण्याची दफनभूमी आहे. रिबेकाची कबर नेमकी कुठली ते ठाऊक नाही. घरच्यांनी तिचा देह रात्री गुपचूप आणला अशी आठवण सांगतात. तिथला स्तंभ 1885 चा. शेजारच्या दगडावर, तिच्या बाजूने अर्जावर सह्या करणाऱ्या जवळपास चाळीस शेजाऱ्यांची नावं आहेत. आजी वाकून बोटाने एकेक वाचत होत्या, वहीशी ताडत.

वाट गवतातून आहे, बंद बूट घाला. घर हिवाळ्यात बंद असतं. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या.