तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे ठिपके सारखेच, मग ओळखता कसे?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढे बारीक जीव, सगळे ठिपकेच दिसणार. मग हा अमुक आणि तो तमुक, हे कळतं कसं?"

खरं सांगू? नुसतं बघून फारसं कळत नाहीच. हजारपट मोठं करून पाहिलं तरी हाती लागतात ते मोजके आकार: गोल, दांडीसारखे, स्वल्पविरामासारखे वाकलेले, मळसूत्री. सजीवांना नावं देण्याची रीत घालून देणाऱ्या लिनियसने तर अशा सूक्ष्म जीवांना 'केऑस', म्हणजे चक्क 'गोंधळ' या नावाखाली टाकलं होतं. (निदान नाव तरी प्रामाणिक होतं.) पुढे १८७२ मध्ये फर्डिनांड कोनने आकारांवरून त्यांचे गट पाडले. पण दांडीसारखे दिसणारे दोन जिवाणू नात्याने एकमेकांपासून कोसभर लांबचे असू शकतात.

म्हणून आम्ही त्यांना रंगवतो. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. वर्गीकरण त्याच्या मनातही नव्हतं; फुप्फुसाच्या ऊतींमधले जिवाणू उठून दिसावेत एवढीच त्याची खटपट. काही जिवाणू रंग धरून ठेवत नाहीत, ही त्याला आपल्या रीतीतली उणीव वाटली. आम्ही नेमके त्या उणिवेवर जगतो.

काचपट्टीवर नमुना पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन. इथपर्यंत सगळेच जांभळे. मग अल्कोहोल, आणि सगळा खेळ याच काही सेकंदांचा. ज्यांची पेशीभित्तिका जाड, त्यांच्यात ती आक्रसते आणि रंग आत कोंडला जातो: हे ग्राम पॉझिटिव्ह. ज्यांची पातळ आणि वर स्निग्ध आवरण, त्यांचं आवरण विरघळतं, रंग वाहून जातो. शेवटी सॅफ्रॅनिन टाकलं की ते गुलाबी दिसतात: हे ग्राम निगेटिव्ह.

माझ्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी अल्कोहोल जरा जास्तच वेळ ठेवलं. भिंगाखाली गोल जिवाणू, द्राक्षांच्या घोसासारखे, आणि सगळे गुलाबी. मी आत्मविश्वासाने 'ग्राम निगेटिव्ह' लिहिलं. परीक्षक सर वाकून बघत म्हणाले, "घोसातला स्टॅफिलोकोकस गुलाबी कधीपासून झाला गं? परत कर." स्टॅफिलोकोकस ग्राम पॉझिटिव्ह; जास्तीच्या अल्कोहोलने त्याचाही जांभळा रंग धुऊन गेला होता. आता मी मुलांना सांगते, अल्कोहोल ओतताना आकडे मोठ्याने मोजा.

डॉक्टरला या रंगाचा खरंच उपयोग होतो. ग्राम निगेटिव्हचं बाहेरचं आवरण व्हँकोमायसिनसारखी औषधं आत शिरू देत नाही. जिवाणू वाढवून नाव कळायला निदान एखादा दिवस जातो. रंग काही मिनिटांत कळतो. अर्थात क्षयाचा जिवाणू मेणचट भित्तिकेमुळे या रंगाला नीट दाद देत नाही, त्याची रीत वेगळी. मायकोप्लाझ्माला तर भित्तिकाच नाही!

त्यापुढे मग स्वभाव तपासायचा. ऑक्सिजन लागतो का, कुठली साखर पचते. माझी आवडती चाचणी म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब: स्टॅफिलोकोकस असेल तर बुडबुडे फसफसतात, स्ट्रेप्टोकोकस ढिम्म.

पण स्वभाव जुळला म्हणजे नातं जुळलंच असं नाही. नातं शोधलं कार्ल वोज यांनी. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात, त्यांतला एक आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) त्यांनी निरनिराळ्या जीवांमध्ये ताडून पाहिला. १९७७ मध्ये निघालं असं की मिथेन तयार करणारे काही 'जिवाणू' मुळात जिवाणूच नव्हते! दिसायला तसेच, पण कूळ स्वतंत्र. त्यांना आज आर्किया म्हणतात.

"मग आता सगळं पक्कं झालं ना?" हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही हो. आमांश करणारा शिगेला घ्या. डीएनए पाहिलं तर तो आणि आपल्या आतड्यातला ई. कोलाय एकाच प्रजातीत बसतात. तरी नावं वेगळीच ठेवली आहेत, कारण शिगेला म्हटलं की डॉक्टरला पुढे काय करायचं ते लगेच कळतं. नियमाने पाहिलं तर हे चुकीचं, आणि मला विचाराल तर बरोबर.