मारा ते सेरेंगेटी: दोन सहलींमधला एक दिवस

केनियाची सहल पाचव्या दिवशी दुपारी मसाई मारात संपत होती. टांझानियाची सहल सहाव्या दिवशी सकाळी आठला अरुशातून निघत होती. दोन्ही कंपन्यांचे कागद मी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि बघत बसले. तीस वर्षं बँकेत ताळे जुळवण्यात गेली, पण हा ताळा काही जुळेना. मारातून अरुशाला जायचं म्हणजे आधी उलटं नैरोबीकडे यायचं, मग नामांगाची सीमा ओलांडायची आणि पुढे जायचं. अख्खा दिवस गाडीत. ती गाडी कोणाची, रात्रीचा मुक्काम कुठे, पैसे कोण देणार, यातलं एक अक्षरही दोन्ही कागदांवर नव्हतं. फोन केला तर केनियावाले म्हणाले, "मारापर्यंत आम्ही." टांझानियावाले म्हणाले, "अरुशापासून आम्ही."

जाणारे आम्ही तिघं: मी, ६३ वर्षांचा नवरा आणि साताऱ्याची ६१ वर्षांची नणंद. नणंदेला मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप बघायचेच होते, त्यामुळे २०२४चा सप्टेंबर ठरला. जुलै ते ऑक्टोबर कळप साधारण मारात आणि सेरेंगेटीच्या उत्तर भागात असतात. नवऱ्याला सेरेंगेटी आणि गोरोंगोरोचं विवर हवं होतं. मला दोन्हींच्या मधे एक दिवस झोप हवी होती, पण ते कोणी विचारलं नाही.

नकाशा उघडला की वाटतं, यात अवघड काय? मारा आणि सेरेंगेटी हे एकच रान आहे, मधून नुसती सीमारेषा गेलीय. जनावरं रोज इकडून तिकडे जातात. पण सँड रिव्हरचा जो रस्ता थेट पलीकडे जातो, तो पर्यटकांना बंद आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा संघ, पूर्व आफ्रिकी समुदाय, मोडला तेव्हा, १९७७ साली, टांझानियानं केनियालगतची सीमा बंद केली. ती १९८३मध्ये पुन्हा उघडली, हा रस्ता मात्र नाही. शिवाय केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या अभयारण्यात चालत नाही. म्हणजे दोन्ही देश विकणारी एकच कंपनी घेतली, तरी सीमेवर गाडीही बदलते आणि गाइडही. हे आधी कळलं असतं तर दोन कंपन्यांच्या वाटेला गेले नसते, कारण एकाच कंपनीकडे तो मधला दिवस निदान कोणाच्या तरी डोक्यावर असतो. पण आगाऊ रक्कम भरून झाली होती.

वाटा तीन होत्या. पहिली विमानाची: मारातून छोट्या विमानानं मिगोरी, तिथून गाडीनं सीमा, पलीकडे तारिमेहून पुन्हा छोटं विमान. माणशी १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. दर ऐकून नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. दुसरी नामांगाची, ती वर सांगितलीच. तिसरी पश्चिमेची: मारातून इसेबानियाला सीमा ओलांडायची, रात्री व्हिक्टोरिया सरोवराकाठी मुसोमाला थांबायचं आणि सकाळी एन्डाबाका गेटानं सेरेंगेटीत शिरायचं. आम्ही ही धरली. त्यासाठी टांझानियाची सहल उलटी करावी लागली, म्हणजे अरुशाला सुरू न होता अरुशाला संपणारी. त्यांची गाडी अरुशाहून सीमेपर्यंत रिकामी येणार, त्याचे पैसे त्यांनी वेगळे मागितले. नणंद कुरकुरली. मला ते रास्त वाटले. मुंबईहून नैरोबीला थेट जायचं आणि परत किलिमांजारो विमानतळावरून अदिस अबाबामार्गे यायचं, असं तिकीट काढल्यामुळे नैरोबीला माघारी यायचंही वाचलं.

मग शुल्क. इथे मात्र मी बँकेतली झाले. केनियाच्या कोटेशनमध्ये माराचा प्रवेश जुन्या दरानं धरला होता. २०२४पासून परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. वर ते तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं. आमचा कॅम्प अभयारण्याबाहेर होता, म्हणजे आत जाऊ त्या प्रत्येक दिवसाचं तिकीट. शेवटच्या दिवशी "सकाळची सफारी करून प्रस्थान" असं लिहिलं होतं. ती सकाळ तिघांना ६०० डॉलरना पडणार होती! ती सफारी मी काढून टाकली आणि त्या दिवशी पहाटेच सीमेकडे निघायचं ठरवलं. तिकडे सेरेंगेटीचं तिकीट चोवीस तासांचं, आत शिरल्या वेळेपासून मोजलेलं. गोरोंगोरोच्या विवरात उतरायला माणशी शुल्काशिवाय गाडीमागे २५० डॉलर आणि वर कर. प्रत्येक आकड्यासमोर मी दोन्ही कंपन्यांकडून "धरलंय" किंवा "धरलेलं नाही" असं लिहून घेतलं. ई-मेलवर. फोनवर सगळंच धरलेलं असतं.

व्हिसाचं काम मानानं सोपं. केनियाची ई-परवानगी आणि टांझानियाचा ई-व्हिसा, दोन्ही घरबसल्या. फक्त नणंदेच्या मैत्रिणीनं "एकच पूर्व आफ्रिका व्हिसा काढा, सगळं त्यात येतं" असं छातीठोक सांगितलं होतं. त्यात केनिया, युगांडा आणि रवांडा येतात. टांझानिया येत नाही.

खरा घाम काढला पिवळ्या तापाच्या लशीनं. ही लस ठरावीक केंद्रांतच मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून बोलावतात. आमचा नंबर तीन आठवड्यांनी लागला. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात, त्यामुळे नवरा आणि नणंद दोघांनाही आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणायला परत पाठवलं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड देतात, ते दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. हे दहा दिवस धरूनच लशीची तारीख घ्यावी. घरी येऊन पाहते तर नवऱ्याच्या कार्डावर पासपोर्टच्या नंबरातला एक आकडा चुकलेला, सातचा एक झालेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. खाडाखोड करून शेजारी सही देत होते, मी नवीन कार्डच मागितलं. तिथल्या बाई माझ्याकडे जरा रागानंच बघत होत्या. असू दे.

सामान भरताना आणखी एक अडचण निघाली. केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपलं प्रवासाचं खाणं म्हणजे पिशवीत पिशवी! चिवडा, मेथीचे ठेपले, बाकरवडी, सगळं स्टीलच्या डब्यांत आणि जुन्या कापडी पिशव्यांत गेलं. बॅगांचं वजन वाढलं, पण मारात झाडाखाली थांबून डबा उघडला तेव्हा आमच्या गाइडनं पहिली बाकरवडी खाऊन लगेच दुसरी मागितली.

ताडोब्यात ड्रायव्हर वेगळा आणि गाइड वेगळा, त्याची सवय होती. इथे एकच माणूस गाडी हाकतो, जनावरं शोधतो, गाडी चिखलात रुतली तर ढकलतोही. शिवाय सीमेवरचा पुढचा माणूसही त्यानंच गाठायचा होता. आदल्या रात्री टांझानियाच्या ड्रायव्हरचा मला निरोप आला, स्वाहिलीत: "सा सिता". फोनवर भाषांतर केलं तर "सहा वाजता". पहाटे सहाला आम्ही सीमेवर पोचणं शक्य नव्हतं आणि संध्याकाळी सहा म्हणजे मुसोमापर्यंत अंधारात रस्ता. मी झोपलेच नाही. सकाळी गाइडला फोन दाखवला तर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सातला पहिला तास, दुपारी बाराला सहावा. आजी उगवतीपासून घटका मोजायची, ते आठवलं आणि मलाही हसू आलं.

इसेबानियाला दोन्ही देशांचं काम जवळजवळ एकाच छताखाली होतं. आधी आरोग्याची खिडकी. तिथल्या माणसानं पिवळं कार्ड आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेका आकड्यावर बोट फिरवलं. नवऱ्याच्या कार्डावर बोट त्या सातावर आलं तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

बाहेर दोन्ही गाइड एका बोनेटला टेकून उभे होते. केनियावाला दुसऱ्याला आम्ही काय काय पाहिलं ते बोटांवर मोजून देत होता: सिंबा, चुई, डुमा. सिंह, बिबट्या, चित्ता. मग एक बोट मिटून म्हणाला, "किफारू बाडो." गेंडा अजून नाही. दोन कंपन्यांमधे जे कागदावर कधी आलं नाही, ते या दोघांनी पाच मिनिटांत केलं. नव्या ड्रायव्हरनं तिथल्या तिथे विवराचा दिवस सकाळी लवकरचा केला, गेंडे दिसलेच तर तिथेच दिसतील म्हणून.

सेरेंगेटीबद्दल लिहीत बसत नाही, त्याला दुसरा कागद लागेल. एवढंच, की चोवीस तासांचा हिशेब चुकू नये म्हणून नाबी हिलच्या गेटवर आमचा ड्रायव्हर रांगेत पळत गेला आणि अकरा मिनिटं राखून बाहेर पडला. विवरात गेंडा दिसला नाही. नणंदेला दुर्बिणीतून एक करडा ठिपका दिसला, तो तिनं गेंडा धरलाय.

किलिमांजारोला तिची बॅग वजनकाट्यावर चढल्यावर मी सहज विचारलं, पिवळं कार्ड जवळ आहे ना? पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून परतताना ते मुंबईत बघतात. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारे डास आहेत, म्हणून कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

"वहिनी, बॅगेत आहे," ती म्हणाली. "दुमडू नये म्हणून डब्यात ठेवलंय."

बॅग खाली उतरवली, काउंटरसमोर जमिनीवर उघडली. मागच्या रांगेनं आमचे कपडे नीट बघून घेतले. चौथ्या डब्यात कार्ड सापडलं. मुंबईत आरोग्य खात्याच्या टेबलावरच्या माणसानं ते हातात घेतलं, जरा नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "बाकरवडी?"