जुन्या गाड्यांवरून वऱ्हाडात: अमरावती ते चिखलदरा

अमरावती ते परतवाडा म्हणजे पन्नासेक किलोमीटर. आजकालची गाडी तासाभरात पोचवते. आम्हाला अर्धा दिवस लागला, आणि तो लागावा म्हणूनच निघालो होतो. सोबत जुन्या मोटारसायकली: दोन जावा, एक येझदी रोडकिंग, राजदूत, उजव्या पायाच्या गिअरची जुनी बुलेट आणि आरएक्स १००. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच साली थांबलं. म्हणजे आमच्यातली धाकटी गाडीसुद्धा आता तिशीच्या घरातली.

डिसेंबरात सकाळी धुकं असतं, म्हणून ऊन वर आल्यावर निघा. सहा व्होल्टच्या हेडलाइटवर धुक्यात किंवा अंधारात भरवसा ठेवूच नये. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम आम्ही मोडत नाही. तर्रीपोहे खाऊन निघालो. वलगावला पेढी नदीवर सगळे थांबले. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. डिसेंबरात या रस्त्याने जाताना न थांबता पुढे जावंसं वाटत नाही.

गटाने चालवायचं असेल तर सर्वांत हळू गाडी दुसऱ्या नंबरवर ठेवा. पुढच्याने आरशात तिला बघत वेग ठरवायचा. आमची राजदूत ताशी पंचेचाळीसवर खुश असते, मग सगळेच पंचेचाळीसवर. शेवटी हत्यारांची पिशवी असलेला आणि स्वतः मिस्त्रीकाम जाणणारा माणूस हवा. पेट्रोलबरोबर तेलही जाळणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीच्या मागे अंतर सोडूनच राहा. धूर तर असतोच, शिवाय जुन्या गाडीचा ब्रेकलाइट लागेलच असं नाही, म्हणून हात दाखवायची सवय सगळ्यांनी आधीच करून घ्यावी. गाड्यांची अदलाबदल मोकळ्या मैदानात करा, रस्त्यावर नको. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. ऐनवेळी पाय सवयीच्या जागी जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो.

या वेगाचं सुख मात्र शब्दांत पुरतं सांगता येत नाही. आसेगावकडे जाताना दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली, मधेच कापसाची शेवटची वेचणी चाललेली, भरलेली बैलगाडी रस्त्याच्या कडेने जाते आणि गाडीवान हात वर करतो. ताशी नव्वदने जाणाऱ्याला कोणी हात करत नाही.

आसेगावच्या अलीकडे येझदी फट्-फट् करून बंद पडली. झाकण काढलं तर ठिणगी पाडणारे प्लॅटिनम पॉइंट काळे पडलेले. पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजने ०.४ मिलिमीटरचा गॅप धरला, पण ठिणगी तरी पिवळट आणि मरतुकडी. शेवटी कंडेन्सर बदलला तेव्हा निळी, कडक ठिणगी आली. एवढ्यात शेतातून एक आजोबा धोतर सावरत बांधावर आले. राजदूतच्या टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "माह्यापाशी बी होती अशीच. पोरीच्या लग्नात इकली. आवाज आला न, तवाच उठलो मी खाटेवरून." त्यांनी किक मारून पाहिली. दुसऱ्या किकला चालू झाली. नातवाला हाक मारून त्यांनी ओल्या तुरीच्या शेंगा आणवल्या, आणि आम्ही बांधावर बसून त्या सोलत खाल्ल्या. मला विचाराल तर सहलीचं सगळं मोल त्या बांधावरच वसूल झालं.

सोबत काय घ्यायचं, तर पॉइंट, कंडेन्सर, दोन-तीन प्लग, क्लचची आणि अॅक्सिलरेटरची केबल, चेनलॉक, ट्यूब, बारीक तार, प्लगपाना आणि टू-टी ऑइल. ऑइल अगदी घरून न्या. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि वायसर खराब करतं, हवेतलं पाणी शोषतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. नळ्या आधीच बदलून घ्या. सहल संपली की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं माप आम्ही लिटरला ३० ते ४० मिलि ठेवतो, घाटासाठी वरच्या बाजूला. पंपावर आधी ऑइल, मग पेट्रोल, आणि टाकी नीट हलवायची.

टाकी परतवाड्यातच भरा, घाटात मोबाईलच्या रेंजवरही विसंबू नका. सागाच्या लाकडांसाठी नाव असलेलं हे गाव जुन्या गाड्यांच्या मिस्त्र्यांसाठीही चांगलं. इथून चिखलदऱ्याला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढी–मोथा आणि दुसरी घटांगवरून. आम्ही पहिलीने चढलो, दुसरीने उतरलो.

चढताना घाई करायची नाही. इंजिनाचा जोर अचानक उतरला, आवाज कोरडा झाला की पिस्टन धरतोय असं समजा आणि त्याच क्षणी क्लच दाबा. गाडी सावलीत उभी करून थंड होऊ द्या, तापलेल्या फिन्सवर पाणी ओतू नका. मोथ्याला थंडीत स्ट्रॉबेरी मिळते, थांबायला तेवढं निमित्त पुरे.

खरी काळजी उतरताना घ्यायची असते. अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली की पेट्रोल जवळजवळ येत नाही. जावा, येझदी, राजदूतला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत असतं. आतला पिस्टन कोरडा पडतो. म्हणून अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी. ड्रम ब्रेक सलग दाबून ठेवले तर तापून धरेनासे होतात, त्यांना दाबून-सोडून वापरा. घटांगचा रस्ता जंगलातला आहे. हॉर्न नको, रस्त्याकडेला विनाकारण थांबणं नको, आणि सायलेन्सरच्या जाळ्या काढलेली गाडी तर आणूच नका. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथल्या जनावरांना आपल्या हौशीचा त्रास का म्हणून?

वर चिखलदऱ्याची कॉफी प्यायची, आणि पहाटे गाविलगडावर चालत जायचं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी हा किल्ला मराठ्यांकडून घेतला. तटावरून खाली बघितलं की चढून आलेलं सगळं वऱ्हाड समोर पसरलेलं दिसतं.

पावसाळ्यात या वाटेला जुन्या गाड्या घेऊन मी जात नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, तेव्हा आम्ही सपाटीवरच फिरतो, तेही डांबरी रस्त्याने. पांदण रस्त्यावर काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये अशी भरते की गाडी ढकलायलाही चार माणसं लागतात. एकच दिवस हाताशी असेल किंवा एखादं इंजिन थकलेलं असेल, तर घाट सोडा आणि परतवाड्याहून मुक्तागिरीला जा. ५२ जैन मंदिरं, धबधबा, आणि गाड्यांना चढ जवळपास नाही. पायऱ्या तेवढ्या माणसांनी चढायच्या.